रिकाम्या पट्टीवरची सुपारी

तळेगावातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये कधी जिना चढायची वेळ आली, तर दारांवरच्या पितळी पाट्या जरा निरखून बघा. ज्या पाटीवर नवरा-बायको दोघांची नावं आहेत आणि बायकोचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा कणभर मोठं आहे, ती पाटी माझी. चाळीस वर्षांत एकाही नवऱ्याच्या ते लक्षात आलेलं नाही. बायकांच्या आलं असावं, पण त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

दुकान वडिलांचं. बाजारपेठेत दोन शटरांच्या मधे बोळासारखी एक जागा आहे, तिथं ते बसायचे आणि त्यांच्यानंतर मी बसले. नावाच्या पाट्या, शाळांच्या ढाली, निरोपसमारंभाची सन्मानचिन्हं आणि मावळातल्या जत्रांसाठी चांदीच्या गदा. गदा म्हटल्यावर लोकांना वाटतं सगळी चांदीच. आत लाकूड असतं, वर पत्रा. ही गोष्ट पैलवानाला ठाऊक असते आणि पंचालाही, तरी दोघंही ती उचलताना ओझं झाल्यासारखा चेहरा करतात.

कोरीव काम म्हणजे हाताची कसरत, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं तर कोरणी धरलेला हात फारसा हलतच नाही. खाली वाळू भरलेली चामड्याची उशी असते, तिच्यावर पाटी ठेवून पाटीच फिरवायची. अक्षराला वळण हवं असलं की पितळ वळवायचं. हात घसरला तर रबर नाही, खोडायची सोय नाही. वडील म्हणायचे, "पितळेवर झालेली चूक गिऱ्हाइकाच्या दारावर पन्नास वर्षं उभी राहते." म्हणून आमच्याकडे कोरण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायची पद्धत होती. मी आयुष्यात एकदाच विचारायचं विसरले, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

त्याआधी आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. पूजेला नवरा-बायको जोडीनं बसायचं असतं. दोघांतलं एक हजर नसेल, तर बसणाऱ्याच्या कमरेला सुपारी लावतात आणि पूजा जोडीनं झाली असं धरतात. हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. वडिलांनी तीच रीत पितळेवर आणली. नवा फ्लॅट घेतलेला एकटा मुलगा यायचा आणि लाजत म्हणायचा, "खाली एका नावाची जागा सोडा." वडील ती जागा कोरी सोडायचे नाहीत. तिथं वाटाण्याएवढी एक गोल सुपारी कोरायचे, वर तिच्या तीन रेघा. जागा रिकामी नाही, राखलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लग्न झालं की पाटी परत यायची, सुपारी घासून काढायची, नाव घालायचं.

एक गृहस्थ सहा वर्षांनी सुपारी घासायला आले. बायको सोबत होती. त्यांनी नाव सांगायला तोंड उघडलं तोच बाई म्हणाल्या, "सुपारी राहू दे हो मधे, छान दिसते. नव्या पाटीवर माझं नाव तिच्या वर घाला, ह्यांचं खाली." ती पाटी मी फार मनापासून केली.

तर एका शनिवारी सकाळी दुकानाच्या दारात एवढा मोठा माणूस येऊन उभा राहिला की आतला उजेड कमी झाला. साठीचा, मान खांद्यात रुतलेली, कान चुरगळलेले. असे कान मी तालमीतल्या माणसांचे पाहिले होते, पण हा माणूस जपानी होता. बरोबर रेवती नावाची मुलगी होती. तळेगावातलीच, इथल्या कारखान्यात जपानी साहेबांची दुभाषी. ती तोंड उघडणार एवढ्यात साहेबच म्हणाले,

"मावशी, राम राम. लय मोठं काम हाय."

मी रेवतीकडं बघितलं. ती हसू दाबत म्हणाली, "तोकुनागा-सान नऊ वर्षं इथं आहेत. मराठी त्यांनी शॉपफ्लोअरवर मावळातल्या पोरांकडून उचललीय. आता मी शुद्ध बोलले तर त्यांना कळत नाही."

साहेब माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठेच असतील. पण कारखान्यातली पोरं मला मावशी म्हणतात, म्हणून तेही मावशी म्हणू लागले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले.

काम खरंच मोठं होतं. दोन पट्टे, कुस्तीच्या विजेत्यांचे, कमरेला बांधायचे. पुढं ताटाएवढं पदक आणि दोन्ही बाजूंना छोट्या पट्ट्या, प्रत्येकीवर नावं. एका पट्ट्यावर वीस, म्हणजे एकूण चाळीस. दोन्ही पट्टे अगदी सारखे हवे होते.

"दोन कशाला?" मी विचारलं. आपल्याकडं गदा एकच असते.

तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडं जोडीची कुस्ती असते. दोघांविरुद्ध दोघं. आखाड्यात एका वेळी एकेकच, जोडीदार दोराच्या बाहेर कोपऱ्यात उभा. आतला दमला की रांगत कोपऱ्यापर्यंत यायचं आणि बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा. हात लागला की बाहेरचा आत आणि आतला बाहेर. हात लागला नाही तर कितीही मार बसो, आतच राहायचं. तोकुनागा तरुणपणी असे जोडीचे पैलवान होते. त्यांच्या देशाच्या उत्तरेला समुद्रकाठी एक गाव आहे, तिथल्या एका लहानशा कुस्ती कंपनीत. ती कंपनी कधीच बंद झाली, जुने पट्टे कुठं गेले कुणाला माहीत नाही, पण जोडीच्या विजेतेपदाचा सगळा इतिहास साहेबांच्या एका वहीत होता. तो त्यांना पितळेवर हवा होता.

"म्हणजे टीव्हीवर असते तशी?" मी जरा खवचटपणे विचारलं. "आमच्याकडं तिला नुरा कुस्ती म्हणतात. आधी ठरवून केलेली."

रेवतीला वाटलं साहेब चिडतील. ते हसले. "कोण जिकनार ते ठरवत्यात, मावशी. पडायचं ठरवता येत न्हाई. जमीन खरी असती."

त्यानंतर दर शनिवारी ते यायचे, समोरच्या टपरीवरून चहा यायचा आणि एकेका पट्टीचा इतिहास व्हायचा. रेवती जपानी अक्षरं मोठी करून कागदावर काढून द्यायची. मला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मी ती चित्रं म्हणून कोरली. कोरणाऱ्याला वाचता आलं नाही तर एक फायदा असतो, डोळा गाफील राहत नाही.

पहिली जोडी मासळीबाजारातल्या दोन हमालांची. पट्टे ठेवायला पेटी नव्हती म्हणून मासळीच्या खोक्यातून न्यायचे. पुढची तीन वर्षं विजेते पट्टा कमरेला लावून फोटोला उभे राहिले की नाक मुरडायचे. दुसरी जोडी परदेशी. दौऱ्याच्या शेवटून दुसऱ्या दिवशी जिंकली आणि शेवटच्या दिवशी हरली. एका दिवसाचं राज्य. मी म्हटलं, "ह्यांची पट्टी जरा बारीक करू का?" साहेबांनी जोरात मान हलवली. एक दिवस असो की दोन वर्षं, पट्टी तेवढीच. मग मेव्हणे-मेव्हणे होते, तीनदा हरले आणि तीनदा परत जिंकले. एक जोडी मुखवटेवाल्यांची होती. त्यांची खरी नावं साहेबांना माहीत होती, पण मला त्यांनी सांगितली नाहीत. मुखवटा घातलेल्याचं नाव सांगायचं नसतं म्हणे. कंपनी बुडून जमाना झाला, तरी हा माणूस दुकानात चहा पिताना ते गुपित सांभाळून होता. मला ते फार आवडलं.

इतिहासात तीन जागा रिकाम्या होत्या. त्यांच्याकडं पद काही वेळा कुणाकडंच नसतं, आणि तेही नोंदवतात. वहीत तिथं ओळ सोडलेली होती, म्हणून पट्ट्यावरही पट्टी हवी होती. पहिल्यांदा एक जोडी भर कुस्तीत आपसातच भांडली. आत कुणी जायचं यावरून. एक जण रागानं आखाडा सोडून पट्ट्यासकट आगगाडीत बसून घरी गेला. कंपनीचा मालक मागोमाग गेला, तेव्हा त्या पैलवानाच्या आईनं पट्टा फडक्यात बांधून परत दिला आणि मुलाच्या वतीनं माफी मागितली. दुसऱ्यांदा बर्फानं रस्ते बंद होते. कुस्त्याच झाल्या नाहीत, आणि सहा महिने पद राखायची लढत झाली नाही तर ते सोडावं लागतं.

तिसऱ्या रिकाम्या जागेशी आलो तेव्हा साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मराठी सोडली. रेवती हळूहळू सांगत गेली.

त्या जागेच्या आधीच्या पट्टीवर तोकुनागा आणि इशिगामी अशी दोन नावं होती. इशिगामी त्यांचा जोडीदार. दोघं एकाच खोलीत राहून शिकले, एकाच ताटात जेवले म्हटलं तरी चालेल. एका लढतीत तोकुनागा आत मार खात होते. रांगत रांगत कोपऱ्यापर्यंत आले, हात वर केला, आणि तिथं हातच नव्हता. इशिगामी दोरावरून खाली उडी मारताना गुडघ्यावर पडला होता आणि जमिनीवर लोळत होता. त्याची कुस्ती त्या दिवशी संपली.

मालक म्हणाला, दुसरा जोडीदार घे, पट्टे तुझ्याकडंच ठेव. तोकुनागांना ते पटेना. जोडी नाही तर पद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इशिगामीच्या घरी गेले, फळीवरचा त्याचा पट्टा उचलला आणि दोन्ही पट्टे मालकाच्या टेबलावर ठेवून आले. इशिगामी दवाखान्यात होता. त्याला विचारलं नाही. त्याला ते वर्तमानपत्रातून कळलं.

"त्याला वाटलं, ह्यानं मला मेलेला धरला," रेवती म्हणाली. "तेव्हापासून दोघं बोललेले नाहीत. दर नव्या वर्षाला एकमेकांना छापील शुभेच्छापत्र पाठवतात. आत एक अक्षर नसतं. तीस वर्षं."

यंदा साहेबांनी पत्राच्या खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती. "मी आता निवृत्त होऊन परत येतोय, त्याआधी इकडची कुस्ती बघायला ये." उत्तरात फक्त विमानाची तारीख आली. ती कामशेतच्या पुढं, पवनेच्या बाजूला असलेल्या एका गावच्या जत्रेच्या आदल्या दिवसाची होती. जत्रेच्या आखाड्यात साहेबांना त्याच्या हातात पट्टा द्यायचा होता.

"घेईल का तो?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," साहेब म्हणाले. "पन तीन जागा रिकाम्या पाहिजेत, मावशी. तिसरी माझी हाय."

मी हो म्हटलं. आणि त्या वाक्याकडं मी जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही. माझ्या डोक्यात चामडं होतं.

चामड्याचं काम माझ्याकडं होत नाही. त्यासाठी कामशेतला किसनभाऊ. शर्यतीच्या बैलांचे पट्टे, घुंगरांच्या माळा, सगळं त्यांच्या हातचं. मी माप सांगितलं, तसं ते टेप हातात धरून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

"ताई, येवढ्या मानंचा बैल कुनाचा?"

"बैल नाही भाऊ, माणूस आहे. आणि मान नाही, कंबर."

"मंग त्येला दोन पट्टं कशापायी?"

मी जोडीची कुस्ती समजावून सांगितली. बैलजोडी आयुष्यभर सजवलेल्या माणसाला ती माझ्यापेक्षा लवकर समजली. "बराबर हाय," ते म्हणाले. "एक बैल बसला म्हून दुसऱ्याला येकट्याला जुपत न्हाईत." त्यांनी आठ दिवसांत असं चामडं करून दिलं की मी ते दोन दिवस नुसतं हुंगत होते.

शेवटच्या आठवड्यात मी पट्ट्या पुऱ्या करत होते. हाताला लय सापडली होती. सतरा जोड्या झाल्या, आणि प्रत्येक पट्ट्याच्या तीन कोऱ्या पट्ट्या समोर होत्या, दोन्ही पट्ट्यांच्या मिळून सहा. चाळीस वर्षांची सवय असलेल्या हातानं काय केलं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सहाही पट्ट्यांवर मधोमध दोन-दोन सुपाऱ्या कोरल्या. जोडीची जागा, म्हणून दोन. फार सुबक झाल्या होत्या. मग सगळ्या पट्ट्या चांदीचं पाणी चढवायला दिल्या, चामड्यावर रिव्हेट मारून बसवल्या आणि साहेबांना निरोप धाडला.

जत्रेच्या दोन दिवस आधी ते आले. पदकावर हात फिरवला, खूष झाले. मग पहिल्या पट्टीपासून एकेक बोटानं वाचत गेले. आगगाडीतून पळालेल्याच्या पुढच्या पट्टीशी बोट थांबलं. मग सरळ तिसऱ्या रिकाम्या जागेशी गेलं.

"हे काय?"

"सुपारी," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला घाम फुटला.

"मी रिकामं म्हटलं हुतं."

मी भराभरा सांगू लागले. सुपारी म्हणजे जागा राखलेली, आमची रीत, वडिलांच्या वेळची. त्यांना निम्मं कळलं, निम्मं रेवतीनं सांगितलं. त्यांचा चेहरा लाल होत गेला. मग ते जपानीत बोलले, आवाज न चढवता, आणि रेवतीनं मान खाली घालून त्यांचेच शब्द मराठीत सांगितले. "ती जागा मी रिकामी केली होती. माझ्या आयुष्यातलं ते एकच काम आहे जे बरोबर होतं की चूक, हे मला अजून माहीत नाही. ते जसं आहे तसं इशिगामीसमोर ठेवायचं होतं. तुम्ही त्यावर नक्षी काढली."

घासून काढायचं तर वरचं चांदीचं पाणी निघालं असतं, खालचं पिवळं पितळ उघडं पडलं असतं आणि पुन्हा पाणी चढवायला चार दिवस हवे होते. मी तसं सांगितलं. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि बासष्टाव्या वर्षी गिऱ्हाइकापुढं रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी उगाच शटरची खिटी ठोकत बसले.

"मला विचारलं का न्हाई, मावशी?"

"चुकलं," मी म्हटलं. "हाताला वाटलं, बरोबरच आहे. म्हणून विचारलं नाही."

साहेब स्टुलावर बसले. स्टूल करकरलं. समोरच्या टपरीवर स्टोव्ह वाजत होता. मग ते हळूच म्हणाले, "मला बी तसंच वाटलं हुतं." आणि दोन्ही पट्टे पिशवीत घालून निघून गेले. ते माझ्यावर रागावून गेले की स्वतःवर, ते मला कळलं नाही. त्या दोन दिवसांत मी एकही पाटी कोरली नाही.

जत्रेला बाईमाणूस कुस्तीच्या आखाड्याशी फारसं दिसत नाही. पण त्या गावाच्या गदा मी तीस वर्षं करत आलेय, म्हणून जत्रा कमिटीचे आबा मला मांडवात खुर्ची देतात आणि वर सगळ्यांना सांगतात, "ह्या बाईच्या हातनं जी गदा गेली, ती कवा चेपली न्हाई." दुपारची वेळ, हलगी वाजत होती, लाल माती ओली करून घोळलेली. पलीकडं पोरं आईस्क्रीमच्या गाडीला लटकलेली. मी किसनभाऊंच्या शेजारी बसले होते. त्यांना त्यांचं चामडं कुणाच्या कमरेला शोभतंय ते बघायचं होतं.

साहेब आले. त्यांच्यामागून काठी टेकत एक उंच, हाडकुळा म्हातारा आला. उजवा पाय न वाकवता चालत होता. लोणावळ्याच्या हॉटेलातून गावापर्यंत दोघं एकाच गाडीतून आले होते, आणि रेवती माझ्या कानात म्हणाली, "मावशी, एक शब्द नाही. घाट, डोंगर, सगळं मीच एकटी बडबडत होते."

दोघं एकमेकांपासून एक खुर्ची सोडून बसले. मधली खुर्ची रिकामी. पाच-सहा कुस्त्या झाल्या. इशिगामी मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होते. एका पोरानं धोबीपछाड मारला, तसे ते काठीसकट अर्धे उठले आणि लगेच परत बसले. मग आबांनी माईकवरून जपानी पाहुण्यांचं स्वागत केलं आणि साहेबांनी पिशवीतून दोन पट्टे काढले. एक मांडीवर ठेवला, दुसरा दोन्ही हातांनी इशिगामींपुढं धरला, वाकून.

इशिगामींनी तो लगेच घेतला नाही. हलगीवाल्यालाही काहीतरी जाणवलं असावं, तो थांबला. मग त्यांनी पट्टा घेतला, चष्मा चढवला आणि पट्ट्यांवरून अंगठा फिरवू लागले. मासळीवाल्यांशी आले तेव्हा नाक किंचित मुरडलं. मुखवटेवाल्यांशी एकदा तोकुनागांकडं बघितलं. स्वतःच्या नावाशी अंगठा थोडा वेळ थांबला आणि पुढच्या पट्टीवर गेला. त्यांनी विचारलेलं मला रेवतीनं सांगायच्या आधीच कळलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, जमीन फाटावी. पण चूक माझी होती, उत्तर मलाच द्यायला हवं होतं. मी उठले, रेवतीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की तुमच्या मित्रानं ही जागा कोरी ठेवायला सांगितली होती. मी त्यांना न विचारता ह्या कोरल्या. जोडीनं करायच्या कामाला एक जण येऊ शकला नाही, तर आमच्यात कमरेला सुपारी लावतात. काम थांबवत नाहीत आणि दुसरं माणूसही आणत नाहीत. न आलेल्याचा वाटा त्याचा त्याला असतो.

इशिगामींनी काहीतरी विचारलं. रेवती म्हणाली, "ते विचारतायत, कुणाच्या कमरेला? न आलेल्याच्या की आलेल्याच्या?"

"आलेल्याच्या," मी म्हटलं.

ते पट्टीकडं बघत बसले. मग तोकुनागांकडं वळून पहिल्यांदाच बोलले, आणि बराच वेळ बोलले. रेवती वाक्यामागून वाक्य सांगत गेली. "ते म्हणतायत, तू पट्टे परत केलेस ह्याचा मला राग नव्हता. मीही तेच केलं असतं. पण तू माझ्या उशाशी येऊन सांगितलं नाहीस. मी रोज दाराकडं बघायचो."

तोकुनागा साहेब म्हणाले, "तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडस नव्हतं." हेही रेवतीनंच सांगितलं. पण त्यांचा वाकलेला माथा बघून दुभाषीची गरज नव्हती.

पुढं हे किती लांबलं असतं कुणास ठाऊक. पण मावळात आखाडा रिकामा ठेवून कुणी फार वेळ रडू देत नाही. आबांना यातलं काही कळलं नव्हतं, त्यांनी माईकवर पुकारलं, "आता आपलं जपानी पैलवान आन् आपलं जुनं पैलवान तात्या, येक गमतीची कुस्ती! पाव्हनं, या खाली!"

तात्या पंचाहत्तरीचे, एकेकाळचे नामी मल्ल. धोतर खोचून मातीत उभे. साहेबांनी मान हलवली, न्हाई, न्हाई. एकट्यानं जायचं नाही, जोडीचा पैलवान मी. रेवतीनं ते इशिगामींना जपानीत सांगितलं. ते काठी टेकत उठले, रेवतीला एक शब्द म्हणाले. रेवतीनं किसनभाऊंना विचारलं, "भाऊ, सुपारी आहे का?"

"म्हंजी काय," किसनभाऊ म्हणाले आणि चंचीतून अख्खी सुपारी काढून दिली.

इशिगामींनी उरलेला पट्टा तोकुनागांच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधला. मग ती सुपारी पट्टा आणि पोट यांच्या मधे खोचली आणि पाठीवर एक थाप मारून त्यांना मातीकडं ढकललं. किसनभाऊ डोळे पुसत माझ्या कानात म्हणाले, "ताई, पट्टा काय बसलाय बघा कमरंला!"

कुस्ती कसली, नुसता हशा होता. तात्यांनी साहेबांना पहिल्याच झटक्यात मातीत लोळवलं. साहेबही असे पडले की सगळं गाव ओरडलं, आणि मला ते आठवलं, जमीन खरी असते. तात्या वर चढून बसले. साहेब पालथे, तोंडात माती, हात पुढं टाकत कोपऱ्याकडं रांगू लागले. आमच्या आखाड्याला कोपरे नसतात. पण ते ज्या बाजूला रांगत होते, त्या बाजूच्या कडेला इशिगामी येऊन उभे होते. काठी कुठंतरी टाकून दिली होती. दुखरा पाय लांब करून, जेवढं वाकता येईल तेवढं वाकून त्यांनी हात पुढं धरला होता आणि जपानीत काहीतरी ओरडत होते. गावाला जोडीच्या कुस्तीचा एकही नियम माहीत नव्हता. तरी सगळं गाव ओरडायला लागलं, "लाव हात! लाव!" हलगी पुन्हा सुरू झाली. तात्यांना काय उमगलं देव जाणे, त्यांनी पकड जराशी सैल केली. साहेबांनी शेवटचा एक हात पुढं टाकला.

हात लागला.

इशिगामी लंगडत मातीत उतरले. तात्यांनी त्यांचा पाय बघितला, दोन पावलं मागं सरले, चिमूटभर माती उचलून त्यांच्या कपाळाला लावली आणि सरळ त्यांचा हात धरून वर केला. कुस्ती नुरा झाली, हे मी पंचांच्या तोंडावर सांगायला तयार आहे. पण त्या दिवशी गावानं दिलेली आरोळी ठरवून दिलेली नव्हती.

लोक पांगले, तेव्हा तोकुनागा साहेब मांडवात माझ्यापाशी आले. डोक्यापासून पायापर्यंत लाल. मी पुन्हा माफी मागायला लागले. म्हटलं, "चार दिवस द्या, त्या पट्ट्या घासून देते, कोऱ्या करून देते." त्यांनी जोरात मान हलवून नाही म्हटलं. मागं इशिगामी एका पोराकडून धोबीपछाड उभ्या उभ्या शिकून घेत होते. साहेबांनी कमरेच्या पट्ट्यात दोन बोटं घातली, मातीनं माखलेली सुपारी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही परत घ्या, मावशी," ते म्हणाले. "मानूस आला."